अनवाणी मुलीचा फोटो : लंडन, १८७७

एक लहान मुलगी. पाय अनवाणी, अंगात चिंध्या झालेला झगा, हातात विकायला घेतलेली वर्तमानपत्रं. लंडनच्या ईस्ट एंड भागातल्या एका बालगृहाने १८७०च्या दशकात हा फोटो देणगीदारांपुढे ठेवला. मुलीची आई जिवंत होती आणि तिचं म्हणणं अगदी साधं होतं : माझ्या मुलीने रस्त्यावर कधी पेपर विकलेले नाहीत, हा अवतार फोटोसाठी केलेला आहे. प्रकरण पुढे लवादापर्यंत गेलं. त्या मुलीचं नाव इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं, पण इथे मी ते लिहीत नाही. तिच्या परवानगीशिवाय तिच्याबद्दल पुरेसं छापून झालं आहे.

बालगृह थॉमस बर्नार्डोचं. १८४५ साली डब्लिनमध्ये जन्मलेला हा तरुण १८६६ मध्ये लंडनला आला तो डॉक्टरकी शिकून चीनला मिशनरी म्हणून जायच्या इराद्याने. त्याच वर्षी ईस्ट एंडमध्ये कॉलऱ्याची साथ आली. चीन मागे पडलं. आधी गरीब मुलांची शाळा, मग १८७० मध्ये स्टेपनी कॉजवे या गल्लीत मुलग्यांसाठी घर, पुढे मुलींसाठी बार्किंगसाइडला वेगळी वस्ती. माणूस कामाचा प्रचंड होता, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता आलं नाही. आणि पैसे कसे उभे करायचे, याची त्याला उपजत जाण होती.

त्या जाणिवेतूनच १८७४ मध्ये स्टेपनी कॉजवेच्या घरात फोटोचं खातं सुरू झालं. कॅमेऱ्यामागे होता थॉमस बार्न्स, माइल एंड रोडवरचा स्थानिक फोटोग्राफर. पुढे रॉडरिक जॉनस्टोनने हे काम सांभाळलं. बर्नार्डो १९०५ मध्ये वारला तोवर या खात्यात सुमारे ५५,००० फोटो जमले होते.

आता हे फोटो निघायचे कसे ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण अर्धं प्रकरण त्यात आहे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये मांडलेली ओल्या कोलोडियनची पद्धत तेव्हा सगळीकडे रूढ होती. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कोलोडियन नावाचं चिकट रसायन ओतायचं, काच एकेका कोपऱ्याकडे कलती करत ते सारखं पसरवायचं, उरलेलं परत बाटलीत. मग अंधाऱ्या खोलीत ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. काच वाळली की संपलं. फोटो घेणं आणि लगेच आत नेऊन तो धुणं, हे सगळं साधारण दहा मिनिटांत उरकावं लागे. त्यासाठी भरपूर उजेड हवा. म्हणून स्टुडिओला काचेचं छप्पर असे आणि पावसाळी, धुरकट दिवशी धंदा बसे. एवढं करूनही समोरच्याला काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागे. मोठ्या माणसाच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. तान्ह्या बाळाला आई मांडीवर धरून बसायची आणि तिच्यावर कापड टाकून तिला खुर्ची करून टाकायचे. असे फोटो आजही जुन्या अल्बममध्ये मिळतात. बाळ नटूनथटून बसलेलं, आणि त्याच्या पोटापाशी कापडातून बाहेर आलेला एक हात.

ज्यांच्याकडे पैसे होते त्यांच्या मुलांसाठी हाच स्टुडिओ नाटकाचा रंगमंच असे. मागे रंगवलेली बाग, पुढे लाकडी घोडा, हातात पळवायची कडी. राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलाचं खलाशाच्या पोशाखातलं चित्र विंटरहाल्टरने १८४६ मध्ये रंगवलं आणि पुढची कित्येक वर्षं इंग्लंडभर आईबाप आपल्या मुलांना खलाशी करून फोटोला बसवत राहिले. १८६० मध्ये राणीच्या कुटुंबाचे छोट्या कार्डावरचे फोटो बाजारात आल्यावर तर अशा कार्डांचं वेडच लागलं. पत्त्याहून थोडं मोठं जाड कार्ड, त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा फोटो चिकटवलेला. मित्रांना द्यायचं, अल्बममध्ये लावायचं.

बर्नार्डोने तेच कार्ड उचललं आणि दुसऱ्या कामाला लावलं.

त्याच्या स्टुडिओत दोन तऱ्हेचे फोटो निघत. पहिली तऱ्हा दाखल होणाऱ्या मुलाची नोंद. मूल सरळ समोर बसवलेलं, पडदा-बिडदा नाही, सोबतच्या कागदावर वय, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, कुठून आलं, कोणी आणलं. मूल पळून गेलं तर पोलिसांना दाखवता यावं, हाही त्यात उघड हेतू होता. १८७१च्या कायद्याने इंग्लंडमधल्या कैद्यांचे फोटो घेणं सक्तीचं झालं होतं आणि या नोंदी दिसायला त्यांच्या जवळच्या आहेत. मला त्या बघताना आत काहीतरी टोचतं. पण त्या खोट्या नाहीत. मूल त्या दिवशी जसं दिसत होतं तसं तिथे आहे.

दुसरी तऱ्हा म्हणजे ‘आधी आणि नंतर’च्या जोड्या. सर्वांत गाजलेली जोडी १८७५ची. एका कार्डावर फाटक्या कपड्यांतला मुलगा आणि खाली मजकूर, ‘एकेकाळचा छोटा भटक्या’. शेजारी तोच मुलगा कामाच्या कपड्यांत, ‘आता छोटा कारागीर’. कार्ड एक घेतलं तर सहा पेन्स, वीसचा संच पाच शिलिंग. म्हणजे संच घेतला की निम्म्या दरात. लोक ही कार्डं घेत, घरी अल्बममध्ये ठेवत, आणि देणगी देत. कार्ड विकून येणारा पैसा हा वरचा लाभ होता. खरा लाभ असा की ज्याने कधी ईस्ट एंडमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं त्याला आपल्या पैशाने काय होतं ते एका नजरेत दिसायचं.

खटका उडाला तो मात्र फोटोंवरून नाही. ईस्ट एंडमध्ये धर्मप्रचार आणि दारूबंदीचं काम करणारे अनेक होते आणि प्रत्येकाला आपला इलाखा होता. दारूच्या मोठ्या कारखानदार घराण्याचा वारसा झुगारून आलेला फ्रेडरिक चॅरिंग्टन माइल एंड रोडवर काम करत होता. बर्नार्डोने एक दारूचा गुत्ता विकत घेऊन त्याचं कॉफीगृह केलं होतं. दुसरं कॉफीगृह त्याने चॅरिंग्टनच्या अंगणात काढायचं ठरवलं तेव्हा वैर पेटलं. १८७५ मध्ये स्थानिक वर्तमानपत्रात ‘क्लेरिकल ज्युनियस’ या टोपणनावाने बर्नार्डोची बाजू घेणारी आणि चॅरिंग्टनची नालस्ती करणारी पत्रं आली. ती बर्नार्डोनेच लिहिली किंवा लिहवून घेतली, असा संशय होता. मग जॉर्ज रेनॉल्ड्स नावाच्या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने १८७७ मध्ये पुस्तिका काढून सगळं चव्हाट्यावर मांडलं : मुलांना कोंडून ठेवतात, हिशेब धड नाहीत, पदवी नसताना हा स्वतःला डॉक्टर म्हणवत आला. आणि फोटो. रेनॉल्ड्सचा आरोप होता की मुलं येतात तशी फोटोला बसवत नाहीत. त्यांची दशा आहे त्याहून वाईट दिसावी म्हणून कपडे फाडतात, जे काम त्यांनी कधी केलं नाही ते करताना दाखवतात, आणि या सगळ्याने मुलांच्या स्वाभिमानाला धक्का बसतो. दानधर्मावर नजर ठेवणाऱ्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने बर्नार्डोच्या संस्थेला सावधगिरीच्या यादीत टाकलं. देणगीवर चालणाऱ्या संस्थेसाठी हे प्राणावरचं दुखणं.

कोर्टाऐवजी लवादाकडे जायचं दोन्ही बाजूंनी कबूल केलं. १८७७च्या उन्हाळ्यात तीन लवाद बसले. त्या अनवाणी मुलीचं प्रकरण त्यांच्यासमोर आलं आणि मला वाटतं, सगळ्या आरोपांत हाच एक असा होता की ज्यात पुरावा कागदावर छापलेला, सगळ्यांना दिसणारा होता.

बर्नार्डोचा बचाव ऐकण्यासारखा आहे. तो म्हणाला, ही चित्रं एकेका मुलाची नाहीत, एका वर्गाची आहेत. रस्त्यावरच्या मुलांची दशा कशी असते ते त्यात दिसतं. कितीतरी मुलं याहून भयंकर अवस्थेत आली. मूल आल्या आल्या फोटो काढता येतोच असं नाही. कधी ते आजारी असतं, कधी अंगावर उवा-पिसवा असल्याने आधी आंघोळ घालून कपडे जाळावे लागतात.

यात तथ्य आहे. त्याहून मोठं तथ्य कोलोडियनच्या काचेत आहे. बर्नार्डो मुलांना शोधायला रात्री निघे, पुलाखाली, गोदामांच्या कडेला, छपरांच्या वळचणीला. तिथे, त्या अंधारात, त्या काळातल्या कॅमेऱ्याने झोपलेल्या मुलाचा फोटो निघणं शक्यच नव्हतं. मूल जसं सापडलं तसं दाखवायचं तर ते स्टुडिओत पुन्हा उभं करण्यावाचून मार्ग नव्हता. ऑस्कर रेइलँडर या फोटोग्राफरनेही १८६०च्या सुमाराला चिंध्या पांघरून गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेला मुलगा असाच रचून टिपला होता. ते चित्र पुढे अनेक वर्षं गरीब मुलांच्या मदतीसाठी वापरलं गेलं. त्याला डिकन्सच्या कादंबरीतल्या झाडूवाल्या पोराचं, ‘जो’चं नाव मिळालं होतं. म्हणजे बघणाऱ्याला कल्पना होती की हे एक पात्र आहे.

१५ ऑक्टोबर १८७७ रोजी निवाडा आला. संस्थेचं काम खरं आहे आणि मदतीला पात्र आहे, असं लवादाने स्पष्ट म्हटलं. बहुतेक गंभीर आरोपांतून बर्नार्डो सुटला, मुलांना एकटं कोंडण्याच्या शिक्षेवर मात्र नापसंती नोंदवली गेली. ‘ज्युनियस’च्या पत्रांबद्दल विचारल्यावर त्याने लेखकाचं नाव सांगायला ठाम नकार दिला होता आणि त्यापायी लवादच मोडायची वेळ आली होती. फोटोंबाबत मात्र लवाद कडक राहिला. वस्तुस्थिती म्हणून कलात्मक कल्पित पुढे करणं हे नैतिकदृष्ट्या चूक आहे, आणि त्यावर कडक लगाम नसेल तर त्यातून फसवणुकीची एक पद्धतच उभी राहील आणि ज्या कामासाठी ती चालली आहे त्या कामालाच ती घातक ठरेल, असं निवाड्यात म्हटलं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातला ‘वस्तुस्थिती म्हणून’ हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, अजूनही वाटतो. रचलेला फोटो हा गुन्हा नाही. त्या काळात स्टुडिओतला प्रत्येक फोटो रचलेलाच होता. खलाशाच्या पोशाखातल्या वकिलाच्या मुलाला कोणी खलाशी समजत नव्हतं. तो फोटो त्याच्या आईच्या दिवाणखान्यात राहायचा, आवडला नाही तर ती फोटोग्राफरला पैसे न देता परत जाऊ शकत होती. अनवाणी मुलीच्या आईला यातलं काहीच करता येत नव्हतं. फोटो तिने मागितला नव्हता. विकत घेणारा तिसराच, तो कुठे राहतो तेही तिला ठाऊक नाही. आणि चित्राखाली जे छापलं होतं ते तिच्या मुलीचं आयुष्य म्हणून छापलं होतं. बर्नार्डो म्हणतो हे एका वर्गाचं चित्र आहे. मग कार्डावर तसं छापायला हवं होतं. तसं छापलं असतं तर माझ्या मते पैसेही आले असते, थोडे कमी. हा ‘थोडे कमी’चा हिशेब त्याला सोसला नाही.

त्याच सुमाराला दख्खनात आणि मद्रास इलाख्यात १८७६-७८चा दुष्काळ चालू होता. मद्रासकडे विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेली माणसं, त्यांत कडेवरची आणि मांडीवरची मुलंही, ओळीने बसवून त्यांचे फोटो काढले. तिथे कोणाला कपडे फाडावे लागले नाहीत. पण मांडणी स्टुडिओतल्यासारखीच : उंच मागे, बुटके पुढे, सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून. त्या फोटोंतल्या कोणाची आई लवादापुढे गेली नाही.

मी मुलांच्या संस्थांचे वार्षिक अहवाल लिहून देते. चौदा वर्षं झाली. या प्रकरणात मी इतकी का गुंतले त्याचं कारण एक फोटो आहे. मराठवाड्यातल्या एका वसतिगृहात अहवालासाठी फोटो चालले होते. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, नुकतीच दाखल झालेली. फोटोग्राफर म्हणाला, बाळा, चप्पल काढ. तिला कळेना. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, मला चप्पल हाय की.” तिला वाटलं, आपल्याकडे चप्पल नाही असा यांचा गैरसमज झालाय. मी म्हणाले, हो गं, दोन मिनिटं बाजूला ठेव. तिने चप्पल काढली, दोन्ही जोडून भिंतीकडेला नीट ठेवली, आणि उभी राहिली. फोटोत तिची नजर खाली, एका बाजूला आहे. अहवालाच्या प्रकाशनाला आलेले पाहुणे त्या नजरेबद्दल बरंच बोलले. ती चप्पल जागेवर आहे ना, हे बघत होती. नवी होती.

फोटोखालची ओळ मी लिहिली होती : ‘अनवाणी पायांनी शाळेच्या वाटेवर’. तिथे तिला अनवाणी मी केलं, फोटोग्राफरने नाही.

आज अशा मुलांच्या बाबतीत कायदा आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र माध्यमांत देण्याला २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी घातली आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संस्था आता चेहरा धूसर करतात, पाठमोरा फोटो घेतात. ओळ लिहिणारीवर मात्र अजून कसलंच बंधन नाही, आणि चेहरा धूसर झाल्यापासून ओळी जास्त भडक झाल्यात, हे मी या कामात रोज बघते. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे. ओळ आधी मुलाला, नाहीतर घरच्या माणसाला वाचून दाखवायची. दोन संस्थांनी त्यापायी माझ्याकडचं काम काढून घेतलं. एका ठिकाणी मुलीची आजी म्हणाली, “आमचं घर मातीचं हाय, पण गळत न्हाई. तेवढं खोडा.” खोडलं.

निवाड्यानंतर स्टेपनी कॉजवेतल्या त्या जोड्यांची विक्री थांबली. संस्थेवर विश्वस्त मंडळ आलं, लॉर्ड केर्न्स अध्यक्ष झाले, आणि काम पूर्वीहून वाढलं. जे बर्नार्डो खोटं सांगून मिळवू बघत होता ते त्याला हिशेब उघडे केल्यावर मिळालं. बार्न्सचा कॅमेरा बंद पडला नाही. दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचा साधा, समोरासमोरचा फोटो निघत राहिला, तीच काच, तोच उजेड, त्याच खोलीत.

१८८२ पासून बर्नार्डोच्या घरांतून मुलं कॅनडाला शेतांवर पाठवली जाऊ लागली. सगळी मिळून सुमारे ३०,००० गेली, बरीच आईबापांना नीट निरोपही न देता. ती वेगळीच जखम आहे आणि तिच्यावर वेगळं लिहायला हवं. त्या मुलांची नातवंडं-पतवंडं आज संस्थेकडे अर्ज करून जुन्या नोंदी मागवतात. पाकिटातून कागद येतो, वय, उंची, डोळ्यांचा रंग, आणि कधी त्याच्यासोबत फोटो. कित्येक घरांत आजोबांचा लहानपणीचा तेवढा एकच फोटो असतो. मूल सरळ समोर बघत असतं. खाली एक क्रमांक आणि तारीख.